अमेरिकन काँग्रेसची निवडणूक: मत टीव्ही फिरवतो की पक्षाचं अक्षर?

रानवारा (न्यू जर्सी)

आमच्या मराठी मित्रमंडळींत गेले दोन आठवडे एकच वाद चाललाय. ३ नोव्हेंबर २०२६ ला हाऊसच्या (काँग्रेसच्या खालच्या सभागृहाच्या) सगळ्या ४३५ जागांसाठी मतदान आहे, सिनेटच्याही (वरच्या सभागृहाच्या) साधारण तिसरा हिस्सा जागा आहेत. निम्म्या मित्रांचं म्हणणं असं की निकाल फॉक्स न्यूज, सीएनएन आणि फोनवरचे व्हिडिओच लावणार. मला हे मुळीच पटत नाही. का ते सविस्तर लिहितो, कारण जेवणाच्या टेबलावर कुणी पूर्ण ऐकून घेत नाही.

२०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मी आमच्या सातव्या मतदारसंघात आठ शनिवार दारोदार फिरलो. टॉम मॅलिनॉव्स्की तेव्हा डेमोक्रॅट खासदार होते, समोर रिपब्लिकन टॉम केन ज्युनियर. केन यांचे वडील १९८२ ते १९९० या काळात राज्याचे गव्हर्नर होते, त्यामुळे ते नाव इथे घरोघरी माहीत. दार उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कुठला पक्ष?" उत्तर ऐकलं की दार तरी मिटायचं, नाहीतर पाण्याची बाटली हातात यायची. उमेदवाराबद्दल कुणी विचारायचं नाही. एक अपवाद आठवतो. लँबर्टव्हिलमधले एक आजोबा. २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पुरात त्यांचं तळघर छतापर्यंत भरलं होतं. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की नुकसानभरपाईचे अर्ज वर्षभर अडकले तेव्हा खासदाराच्या कचेरीने काय केलं. मला उत्तर माहीत नव्हतं. घरी येऊन तासभर शोधलं. राष्ट्रीय वर्तमानपत्रांत आमच्या लढतीवर लेख होते, पैसा किती ओतला जातोय याचे तक्ते होते. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर कुठेही नव्हतं.

न्यू जर्सीची अडचण अशी की ९० लाखांवर वस्ती असलेल्या या राज्याला स्वतःचं म्हणावं असं टीव्ही क्षेत्र नाही. उत्तरेकडचे आम्ही न्यूयॉर्कची चॅनेलं बघतो, दक्षिणेकडचे फिलाडेल्फियाची. मतदारसंघ साधारण साडेसात लाख लोकांचा, पण जाहिरात द्यायची तर न्यूयॉर्कच्या दोन कोटी लोकांपर्यंत पोहोचण्याचे पैसे मोजायचे. आणि संध्याकाळच्या बातम्यांत दिसणार न्यूयॉर्कचा महापौर. उरली होती वर्तमानपत्रं. २ फेब्रुवारी २०२५ ला 'स्टार-लेजर'चा शेवटचा छापील अंक निघाला. त्याच्या आदल्या दिवशी 'जर्सी जर्नल' कायमचं बंद झालं. देशभरात २००५ पासून तीन हजारांवर वर्तमानपत्रं बंद पडली आहेत, त्यातली बहुतेक साप्ताहिकं.

म्हणून माझं म्हणणं असं. टीव्हीवरची भांडणं ज्याचं मन आधीच बनलंय त्याला आणखी पक्कं करतात, त्याला इकडून तिकडे नेत नाहीत. खरा परिणाम जवळच्या बातमीच्या अभावाचा आहे. माझा खासदार माझ्या गावासाठी काय करतो हे सांगणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी मतपत्रिकेवर नावापुढचं 'डी' (डेमोक्रॅट) किंवा 'आर' (रिपब्लिकन) बघतो आणि खूण करतो. २०२४ मध्ये ४३५ पैकी फक्त १६ मतदारसंघांनी राष्ट्राध्यक्षासाठी एका पक्षाला आणि हाऊससाठी दुसऱ्याला कौल दिला. १९८४ मध्ये, रेगन दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हा, असे मतदारसंघ जवळपास १९० होते. माणसं तीच, राज्यघटना तीच. मधल्या काळात गावातलं वर्तमानपत्र गेलं.

असहमत असाल तर जरूर लिहा. मात्र "लोक मूर्ख आहेत" एवढंच म्हणायचं असेल तर कृपया नको. आठ शनिवारांत मला एकही मूर्ख मतदार भेटला नाही.

डेट्रॉइटकर

सपशेल असहमत. तुम्ही न्यू जर्सीत टीव्ही महाग म्हणून टीव्हीचा परिणाम नाही असं धरून चाललाय. आमच्याकडे या आणि बघा.

श्री ठाणेदार हे नाव मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. चिकोडी-बेळगावकडचा मुलगा, रसायनशास्त्रज्ञ, उद्योजक. त्यांचं मराठी आत्मचरित्र आपल्यातल्या अनेकांनी वाचलंय. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) उतरले, तेव्हा राजकारणात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्यांनी स्वतःचे एक कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च केले, टीव्हीवर जाहिरातींचा सपाटा लावला. तिसरे आले, पण तेव्हापासून "श्री" हे नाव डेट्रॉइटच्या आज्यांनाही म्हणता यायला लागलं. २०२० ला ते राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २ ऑगस्ट २०२२ ला १३व्या मतदारसंघाची काँग्रेसची प्रायमरी जिंकले. रिंगणात नऊ जण. ठाणेदारांना मिळाली २८ टक्के मतं. इथे फेरमतदान नसतं, पहिला येईल तो जिंकला. नोव्हेंबरची निवडणूक तर औपचारिकच होती.

आता याचा अर्थ बघा. तीन चतुर्थांशाहून जास्त काळ्या लोकांचं हे शहर. १९५५ पासून इथून काँग्रेसमध्ये कायम किमान एक काळा प्रतिनिधी होता. २०२३ च्या जानेवारीपासून तो नाही, कारण बाकीच्या उमेदवारांत मतं वाटली गेली आणि टीव्हीवर सगळ्यात जास्त दिसलेलं नाव वर आलं. मी मराठी आहे, त्या रात्री मला आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी कामावर माझ्या शेजारी बसणारी बाई गप्प होती. तिचं कुटुंब तीन पिढ्या या शहरात आहे. तिला मी काय सांगायला हवं होतं? टीव्हीने मत फिरत नाही म्हणून?

बेळगावी

डेट्रॉइटकर, तुमच्या सहकारी बाईंचं दुःख समजतं. पण एकच बाजू मांडलीत. त्याच प्रायमरीत अ‍ॅडम हॉलियर यांच्या मागे बाहेरच्या एका सुपर पॅकने (उमेदवारापासून स्वतंत्रपणे हवा तितका पैसा खर्च करू शकणाऱ्या गटाने) चाळीस लाखांहून जास्त डॉलर लावले होते. म्हणजे टीव्हीवर दोघंही होते, पैसा दोन्हीकडे होता. हॉलियर तरीही हरले. आणि २०२४ च्या प्रायमरीत ठाणेदारांना निम्म्याहून जास्त मतं पडली. दोन वर्षं लोकांनी त्यांचं काम बघितलं, कचेरीत जाऊन आले, मग मत दिलं. चिकोडीहून निघून १९७९ ला परक्या देशात गेलेल्या माणसाचं यश सगळं जाहिरातीच्या खात्यावर टाकू नका. आमच्याकडे त्यांचं नाव काढलं की पोरं अभ्यासाला बसतात.

डेट्रॉइटकर

बेळगावी, अभिमान मलाही आहे, तो वेगळा. २०२४ ला हॉलियर यांच्या अर्जावरच्या सह्या कमी भरल्या म्हणून त्यांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही, हेही त्यात धरा. आणि दोन्हीकडे जाहिरात होती म्हणून जाहिरातीचा परिणाम नाही, हे गणित चुकतंय. बाकीचे सात जण टीव्हीवर फारसे नव्हते. ते कुठे राहिले?

चिकित्सक (बे एरिया)

धागाकर्त्याचा निष्कर्ष अर्धा बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं दिलंय. डेट्रॉइटकरांचं उदाहरण खरं आहे, पण त्यातून निघतं ते त्यांना वाटतं तसं नाही.

जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ४९ क्षेत्रप्रयोगांचा एकत्र अभ्यास मांडला. पत्रकं, फोन, दारोदारचा प्रचार, जाहिराती, सगळं त्यात आलं. सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराचं मन वळवण्याचा सरासरी परिणाम किती? त्यांचा अंदाज शून्य. पण त्याच अभ्यासात पुढे असं आहे की जिथे पक्षाचं नाव मदतीला नसतं, म्हणजे प्रायमरीत किंवा एखाद्या प्रस्तावावरच्या मतदानात, तिथे प्रचार लागू पडू शकतो. डेट्रॉइटच्या नऊही जणांपुढे 'डी'च होतं. अक्षर बघून निवडायची सोयच नव्हती, मग ओळखीचं नाव उपयोगी पडलं. त्यामुळे तुमचं दोघांचं भांडण खरं तर वेगवेगळ्या निवडणुकांबद्दल चाललंय.

टीव्हीचा परिणाम अजिबात नसतो असंही मी म्हणणार नाही. १९९६ नंतर फॉक्स न्यूज केबलवर गावोगावी टप्प्याटप्प्याने पोहोचलं. ज्या गावांत आधी पोहोचलं आणि ज्यांत नाही, त्यांची २००० सालची मतं डेलाव्हिन्या आणि कॅप्लन या अर्थशास्त्रज्ञांनी ताडून बघितली. फरक ०.४ ते ०.७ टक्के रिपब्लिकन बाजूला. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण त्या वर्षी फ्लोरिडा ५३७ मतांनी ठरलं होतं.

रानवारांशी माझं खरं भांडण अक्षराबद्दल आहे. अक्षर बघून मत देणं यात गैर काय? हाऊसमध्ये स्पीकर कोण, कुठलं विधेयक मतदानाला येणार, समित्यांचे अध्यक्ष कोण, हे सगळं बहुमतावर ठरतं. सातव्या मतदारसंघातला माणूस कितीही सालस असला तरी तो पहिल्या दिवशी आपल्या पक्षाच्या स्पीकरला मत देणार आणि पुढची दोन वर्षं बहुतेक वेळा पक्षाबरोबरच राहणार. हे ओळखून मत देणारा मतदार १९८४ च्या मतदारापेक्षा जास्त जाणता आहे. तेव्हाचे १९० मतदारसंघ बघून हळवं होऊ नका. त्यातले कितीतरी दक्षिणेतले होते, जिथे जुने डेमोक्रॅट खासदार सवयीने निवडून येत आणि वॉशिंग्टनमध्ये रेगन यांच्या बाजूने मत देत.

आणि गावचं वर्तमानपत्र म्हणजे लोकशाहीचा दिवा असं कुणी लिहिलं की मला मिसिसिपीतलं जॅक्सन आठवतं. तिथली दोन्ही दैनिकं एकाच कुटुंबाची. नागरी हक्क चळवळीच्या काळात दोन्ही उघडपणे वंशभेदाच्या बाजूने लिहीत होती. तिथल्या डब्ल्यूएलबीटी या टीव्ही स्टेशनने काळ्या लोकांची बाजू पडद्यावर येऊच दिली नाही, इतकी की शेवटी १९६९ मध्ये कोर्टाला त्याचा परवाना काढून घ्यावा लागला. बातमी स्थानिक होती, पुरेपूर होती. कुणासाठी होती, हा प्रश्न आहे.

रानवारा

चिकित्सक, जॅक्सनचं उत्तर माझ्याकडे नाही. ते खरं आहे आणि मी ते विसरलो होतो.

पण अक्षराबद्दल ऐका. तुमचा जाणता मतदार स्पीकर निवडतो, मान्य. मग पुराचं तळघर कुणी बघायचं? आयडाची भरपाई, सैन्यातून निवृत्त झालेल्याची पेन्शन, आपल्यातल्या कितीतरी जणांचे अडकलेले व्हिसाचे अर्ज, हे सगळं खासदाराच्या कचेरीतलं काम. माझ्या मेहुणीचा कागद पावणेदोन वर्षं एका खात्यात पडून होता. खासदाराच्या कचेरीतल्या एका मुलीने तीन फोन केले आणि दीड महिन्यात तो सुटला. हे काम कोण करतं आणि कोण करत नाही ते अक्षरात दिसत नाही.

याला अभ्यासाचाही आधार आहे. स्नायडर आणि स्ट्रोमबर्ग या दोघांनी २०१० मध्ये दाखवलं की जिथे वर्तमानपत्राचा खप आणि मतदारसंघाची हद्द एकमेकांशी जुळते तिथे लोकांना आपला खासदार जास्त माहीत असतो. आणि तो खासदारही समित्यांपुढे जास्त वेळा साक्ष द्यायला जातो, पक्षाच्या ओळीबाहेर जास्त वेळा मत देतो, मतदारसंघात केंद्राचा पैसाही जास्त येतो. दुसरं उदाहरण सिनसिनाटीचं. २००७ च्या ३१ डिसेंबरला 'सिनसिनाटी पोस्ट' बंद झालं. नदीपलीकडच्या केंटकीतल्या उपनगरांची बातमी प्रामुख्याने तेच द्यायचं. पुढच्या स्थानिक निवडणुकांत तिथे उमेदवार कमी उभे राहिले, मतदान घटलं, खुर्चीवर असलेले पुन्हा निवडून येण्याचं प्रमाण वाढलं. ही टीव्हीच्या आरडाओरड्याची कहाणी नाही.

गिरिजा (डेन्व्हर)

तुम्ही सगळे माध्यमं मतदाराला काय सांगतात यावर बोलताय. माध्यमं पक्षांना आणि देणगीदारांना काय सांगतात, हे कुणीच घेतलं नाही. माझ्या मते मोठा परिणाम तिथे होतो.

२०२२ ला कोलोरॅडोच्या तिसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन लॉरेन बोबर्ट उभ्या होत्या. रॉकीज ओलांडून पश्चिमेचा बराचसा डोंगराळ भाग, प्वेब्लोपासून ग्रँड जंक्शनच्या पुढपर्यंत. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं तर दिवस मोडतो. अ‍ॅडम फ्रिश नावाचा अ‍ॅस्पेनचा माजी नगरसेवक त्यांच्या विरोधात महिनोन् महिने गाडीने गावोगावी हिंडला. अंदाज वर्तवणाऱ्या सगळ्यांनी जागा रिपब्लिकनांची म्हणून सोडून दिलेली. फाइव्हथर्टीएट या निवडणुकांचे अंदाज देणाऱ्या वेबसाइटने बोबर्टना शंभरात सत्त्याण्णव संधी दिली होती. राष्ट्रीय डेमोक्रॅट पक्षाने इथे पैसा लावला नाही.

बोबर्ट ५४६ मतांनी निवडून आल्या. ५४६! सव्वातीन लाखांच्या आसपास मतं पडली होती. माझी जाऊ ग्रँड जंक्शनला राहते. ती सांगते, तिच्या ओळखीच्या कित्येकांनी "कशाला, ठरलेलंच आहे" म्हणून मतपत्रिका पाठवलीच नाही. आणि आमच्याकडे तर मतपत्रिका टपालाने घरी येते, पेटीत टाकायची फक्त. "जागा सुरक्षित आहे" हे वाक्य बातमीसारखं दिसतं. ते वाचून माणूस घरी बसतो आणि देणगीदार खिशात हात घालत नाही. मग ते वाक्य खरं ठरतं.

त्याच वर्षी देशभर "लाल लाट येणार", म्हणजे रिपब्लिकन मोठ्या प्रमाणात जिंकणार, म्हणून महिनाभर चर्चा होती. वॉशिंग्टन राज्यात पॅटी मरे यांची सिनेटची जागा धोक्यात असल्याचं सांगितलं जात होतं. त्या जवळपास पंधरा टक्क्यांनी जिंकल्या. ज्यांना गरज नव्हती तिकडे पैसा वळला आणि ज्यांना हवा होता ते कोरडे राहिले.

चिकित्सक (बे एरिया)

गिरिजा, मुद्दा आवडला. पण हीच गोष्ट २०२४ पर्यंत वाचा. फ्रिश पुन्हा उभे राहिले. या वेळी सगळ्या देशाचं लक्ष होतं, दीड कोटी डॉलरच्या वर निधी जमला. बोबर्टनी मतदारसंघच बदलला, चौथ्यात गेल्या. समोर जेफ हर्ड नावाचा शांत रिपब्लिकन वकील आला. फ्रिश पाच टक्क्यांनी हरले. पैसा वाढला, प्रसिद्धी वाढली, मतांची टक्केवारी घटली.

२०२० ची दोन उदाहरणं याच्याही वरची. दोन्ही सिनेटची, दोन्हीकडे उमेदवार डेमोक्रॅट. केंटकीत एमी मॅकग्राथ यांनी सिनेटमधले तेव्हाचे रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल यांच्या विरोधात नऊ कोटी डॉलर जमवले आणि साधारण वीस टक्क्यांनी हरल्या. साउथ कॅरोलायनात जेमी हॅरिसन यांनी एका तिमाहीत ५ कोटी ७० लाख डॉलर जमवले, तोवरचा विक्रम. दहा टक्क्यांनी हरले. ते पैसे कुठून आले? कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमधल्या, रोज संध्याकाळी टीव्ही बघून चिडलेल्या माणसांनी फोनवरून पंचवीस-पंचवीस डॉलर पाठवले. मीही पाठवले होते. माध्यमांचा परिणाम माझ्यावर झाला, केंटकीच्या मतदारावर नाही.

गिरिजा (डेन्व्हर)

२०२४ मध्ये बोबर्टच समोर नव्हत्या, तुलना कशी करता? लोकांचा राग त्यांच्यावर होता. हर्ड यांना कुणी ओळखतच नव्हतं, म्हणून अक्षर पुन्हा चाललं. याने तर माणूस बघून मत दिलं जातं हेच सिद्ध होतं. २०२२ ला आमच्या डोंगरातल्या हजारो रिपब्लिकनांनी अक्षर बाजूला ठेवलं होतं.

शुभदा (लाँग आयलंड)

रानवारा, तुमचं म्हणणं वाचून आधी मान डोलावली आणि मग राग आला. कारण आमच्याकडे गावचं वर्तमानपत्र होतं. त्याने काम केलं. काही झालं नाही.

जॉर्ज सँटोस आमचे खासदार होते. नॅसाऊ काउंटीचा उत्तर किनारा आणि क्वीन्सचा तुकडा, न्यूयॉर्कचा तिसरा मतदारसंघ. शिक्षण खोटं, नोकऱ्या खोट्या, घराण्याचा इतिहास खोटा. 'नॉर्थ शोर लीडर' या आमच्या छोट्या साप्ताहिकाने सप्टेंबर २०२२ मध्येच लिहिलं होतं की या माणसाची संपत्ती दोन वर्षांत अचानक इतकी वाढली कशी. साप्ताहिकाचे मालक स्वतः रिपब्लिकन. तरी ऑक्टोबरात त्यांनी डेमोक्रॅट रॉबर्ट झिमरमन यांना पाठिंबा जाहीर केला. मोठ्या दैनिकांनी ती बातमी उचलली नाही. विरोधी पक्षाने सँटोस यांच्यावर ८७ पानांची फाइल केली होती, त्यातही बहुतेक थापा सुटल्या. नोव्हेंबरात सँटोस आरामात निवडून आले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ची मोठी बातमी आली १९ डिसेंबरला, मतदान होऊन सहा आठवडे झाल्यावर.

बातमी असणं आणि ती लोकांपर्यंत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लीडरचे अंक आमच्या गावातल्या वाचनालयात दारापाशी असायचे. मी दर आठवड्याला तिथे मुलीला घेऊन जायची. अंक उचलला नाही. मी २०२२ ला सँटोसना मत दिलं, हे इथे लिहिताना अजून त्रास होतो. गुन्हेगारी वाढतेय असं वाटत होतं, न्यूयॉर्कच्या बातम्यांत रोज भुयारी रेल्वेतले हल्ले दाखवत होते. मी ज्या रस्त्यावर राहते तिथे कित्येक वर्षांत काही झालेलं नाही. तरी मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीने मी अक्षर निवडलं.

म्हणून "टीव्ही मन वळवत नाही" या वाक्याला माझा आक्षेप आहे. कुणाला मत द्या हे त्याने मला सांगितलं नाही. कशाचा विचार करून मत द्यायचं, ते ठरवलं.

एडिसनचे काका

शुभदाताईंनी मनापासून लिहिलं, आवडलं. मी वयाने मोठा आहे म्हणून जरा वेगळं सांगतो. माध्यमं, अक्षर सगळं बाजूला ठेवा आणि कागद बघा.

आमच्या न्यू जर्सीत प्रायमरीची मतपत्रिका वर्षानुवर्षं खास पद्धतीने छापली जायची. काउंटीच्या पक्षसंघटनेने ज्याला पाठिंबा दिला तो वरच्या मोठ्या पदांच्या उमेदवारांबरोबर एकाच ओळीत. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, मधे रिकामे रकाने सोडून. तिला 'काउंटी लाइन' म्हणत. त्या ओळीतला माणूस जवळपास कधीच हरायचा नाही. मी स्वतः कित्येकदा वरून खाली एकाच ओळीत खुणा केल्या आहेत. शेवटच्या कोपऱ्यात नाव आहे हे दिसतच नसे. २०२४ मध्ये अँडी किम सिनेटसाठी उभे राहिले आणि थेट कोर्टात गेले. २९ मार्चला केंद्रीय न्यायाधीशांनी डेमोक्रॅट प्रायमरीसाठी ती ओळ बंद केली. त्याच्या आधी पाच दिवस तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी यांनी माघार घेतली होती. किम आज सिनेटर आहेत.

या ओळीबद्दल राज्यातल्या अभ्यासकांनी आणि वार्ताहरांनी आधी अनेक वर्षं लिहिलं. मी वाचलेलं. पण मतदान करताना कागदच जिंकायचा.

डेट्रॉइटकर

काकांच्या मुद्द्यावरून माझाच मुद्दा नीट मांडतो, कारण चिकित्सकांनी त्याला "वेगळी निवडणूक" म्हणून बाजूला सारलंय.

४३५ पैकी पाच टक्क्यांच्या आतल्या खऱ्या अटीतटीच्या लढती चाळीसच्या आसपास. बाकी ठिकाणी नोव्हेंबर आधीच ठरलेला असतो आणि खासदार प्रायमरीतच निवडला जातो. २०२२ च्या प्रायमरींत मतदानाला पात्र असलेल्यांपैकी जेमतेम पाचातला एक मतदानाला गेला. म्हणजे जिथे प्रचार लागू पडतो ती जागा कोपऱ्यातली नाही, बहुतेक काँग्रेस तिथेच बनते.

आणि दरवेळी पैसेवालाच जिंकतो असंही नाही. एरिक कँटर आठवतात? हाऊसमधले रिपब्लिकन बहुमताचे नेते, पुढचे स्पीकर म्हणून बघितले जाणारे. १० जून २०१४ ला व्हर्जिनियाच्या सातव्या मतदारसंघात डेव्हिड ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने त्यांना प्रायमरीत पाडलं. कँटर यांचा खर्च पन्नास लाख डॉलरच्या वर, ब्रॅट यांचा दोन लाखांच्या घरात. कँटर यांच्याच पाहणीत ते ३४ टक्क्यांनी पुढे होते. ब्रॅटना उचललं रेडिओने. लॉरा इन्ग्रॅम यांच्यासारखे रेडिओवरचे सूत्रधार महिनोन् महिने स्थलांतराच्या प्रश्नावर कँटरना झोडपत होते. मोठ्या टीव्हीला ते ऐकू गेलं नाही. गाडीतून कामावर जाणाऱ्या आणि प्रायमरीत न चुकता मत देणाऱ्या माणसाला ऐकू गेलं.

म्हणजे पैसा नसला तरी माध्यम लागतंच.

चिकित्सक (बे एरिया)

प्रायमरीचं वजन मी कमी लेखलं, हे मान्य. कँटरच्या बाबतीत मात्र सगळं श्रेय रेडिओला देणं पटत नाही. मतदारसंघात ते दिसतच नव्हते अशी तक्रार तिथले लोक करत होते, रेडिओ नसता तरी ती होती. शुभदांच्या अनुभवावर मला उत्तर सुचत नाही. कशाचा विचार करून मत द्यायचं हे बातम्या ठरवतात, हे आमच्या मोजमापात नीट पकडता येत नाही. एक जाहिरात, एक पत्रक यांचा परिणाम मोजता येतो. सहा महिन्यांची भीती कशी मोजणार?

अक्षराबद्दलचं मत मी बदललेलं नाही.

रानवारा

शुभदा, तुमच्या प्रतिसादानंतर मूळ लेखातलं एक वाक्य मला मागे घ्यावं लागेल. जवळची बातमी आली की मतदार माणूस बघायला लागेल, असं मी गृहीत धरलं होतं. बातमी वाचनालयाच्या दारात पडून राहू शकते, याचा विचारच केला नव्हता.

तरी एक सांगतो. कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जच्या 'डेझर्ट सन' या दैनिकाने जुलै २०१९ मध्ये महिनाभर संपादकीय पानावरून राष्ट्रीय राजकारण पूर्ण काढून टाकलं. त्याऐवजी गावच्याच प्रश्नांवरची पत्रं छापली. संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्याच दुसऱ्या शहराशी ताडून बघितलं तर पाम स्प्रिंग्जमध्ये दोन पक्षांच्या लोकांमधला दुरावा वाढण्याचा वेग मंदावलेला दिसला. महिनाभरात. याने कुणी मत बदललं नसेल, चिकित्सक. पण माझ्या त्या आठ शनिवारांतली जी दारं तोंडावर मिटली, त्यातली दोन-चार उघडी राहिली असती असं मला वाटतं.

शुभदा (लाँग आयलंड)

सँटोसना १ डिसेंबर २०२३ ला ३११ विरुद्ध ११४ मतांनी हाऊसमधून काढलं. १३ फेब्रुवारी २०२४ च्या पोटनिवडणुकीत टॉम सुओझी आले. त्या दिवशी सकाळी बर्फ पडत होता. त्याआधीचे दोन महिने टीव्हीवर जाहिरातींशिवाय काही दिसत नव्हतं. मुलगी कार्टूनच्या मधे विचारायची, "आई, हा माणूस वाईट का आहे?" या वेळी मी मात्र लीडरचे मागचे सगळे अंक वाचून गेले होते.

मत कुणाला दिलं ते सांगत नाही. अक्षर बघून दिलं नाही, एवढं सांगते.

डेट्रॉइटकर

रानवारा, एक राहिलं. लँबर्टव्हिलच्या त्या आजोबांनी शेवटी कुणाला मत दिलं?

रानवारा

माहीत नाही. माझ्या यादीत त्यांच्या नावापुढे मी ३ लिहिलं होतं, म्हणजे अजून ठरलेलं नाही. मतदानाच्या आदल्या शनिवारी मॅलिनॉव्स्कींच्या कचेरीतून मिळालेली माहिती एका कागदावर लिहून परत गेलो, तर घर बंद होतं. कागद दारात खोचून आलो. मंगळवारी केन जिंकले, तीनेक टक्क्यांनी.